आधी हातात पाना, मग दारात पिकअप

ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉकमध्ये आम्ही राहतो. मंडळाच्या कार्यक्रमात दर वेळी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "पिकअप घ्यायची म्हणतोय, कुठली घेऊ?" विचारणारा नव्वद टक्के वेळा सॉफ्टवेअरमधला असतो, नुकतंच घर घेतलेलं असतं आणि मागच्या अंगणाचं कुंपण कललेलं असतं. मी त्याला उलट विचारतो, "हौद्यात काय टाकणार आहेस?" या प्रश्नाचं उत्तर तयार असेल, तर गाडी निवडणं अर्ध्या तासाचं काम आहे. उत्तर तयार नसेल, तर पिकअप अजून घ्यायची नाही.

गावाकडे पिकअप म्हटलं की टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजाराला निघालेली बोलेरो डोळ्यासमोर येते. इथे अमेरिकेत तीच गाडी पोरांना शाळेत सोडते, ऑफिसला जाते आणि शनिवारी वाळू आणते. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून या देशातली सर्वाधिक खपाची पिकअप आहे. टेक्ससमध्ये राहून तिचा मोह न होणं अवघडच. आपल्या क्षेत्रातल्या लोकांना तिची ओढ वाटते त्याला आणखी एक कारण आहे, असं मला वाटतं. दिवसभर केलेलं काम संध्याकाळी कुठेच दिसत नाही. कुंपणाचा एक खांब सरळ उभा केला, तर तो दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, आणि सकाळी चहा घेताना त्याच्याकडे बघता येतं.

पण आपल्यापैकी बहुतेकांच्या हाताला सवय नाही. आपण वाढलो त्या घरांत नळ गळला की प्लंबरला फोन जायचा, दार घासायला लागलं की सुतार यायचा आणि आपल्याला सांगितलं जायचं, "तू अभ्यास कर." त्या सुताराकडे, गवंड्याकडे किती ज्ञान होतं हे मला इथे येऊन स्वतः चार खांब रोवल्यावर कळलं. म्हणून या लेखाचा क्रम तसाच आहे. आधी काम, मग भाड्याची गाडी, आणि शेवटी स्वतःची.

पहिले सहा महिने: गाडीशिवाय

तीन कामं निवडा, जी तुमच्या आत्ताच्या सेडानमध्ये मावणाऱ्या सामानात होतात. माझी शिफारस: भिंतीतलं भोक बुजवणं, संडासच्या टाकीतला झडपेचा संच बदलणं, आणि वाफ्यासाठी लाकडाची चौकट करणं. पहिल्या कामात धीर शिकायला मिळतो, कारण लांबीचा (पुट्टीचा) थर वाळल्याशिवाय दुसरा लावता येत नाही. दुसऱ्यात पाणी बंद करणं आणि आटे खराब न करता नट आवळणं. तिसऱ्यात माप घेणं, काटकोन जुळवणं आणि करवत सरळ चालवणं. चौकट काटकोनात आहे का हे बघायला दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आली.

अवजारं एकदम घेऊ नका. मापनफीत, पाणसळ, गुण्या, हातोडी, बॅटरीचा ड्रिल, गोल पात्याची करवत, सॉकेटचा संच, चांगले हातमोजे आणि डोळ्यांच्या बचावाचा चष्मा एवढ्यावर वर्ष निघतं. वर्षातून एकदा लागणारं अवजार उसनं आणा. ऑटोझोन, ओरायली यांसारख्या सुट्या भागांच्या दुकानांत गाडीची खास अवजारं अनामत रक्कम ठेवून मिळतात आणि परत केली की पैसे परत येतात. काही गावांत वाचनालयंसुद्धा हे काम करतात. बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयातून १९७९ पासून अवजारं घरी नेता येतात. तुमच्या गावात असं काही आहे का, हे विचारून घ्या.

मग मोठं सामान लागायला लागेल. होम डेपो आणि लोज या बांधकाम-सामानाच्या दुकानांच्या बऱ्याच शाखांत पिकअप तासांच्या हिशोबाने भाड्याने मिळते. प्रत्येक फेरीची नोंद ठेवा: काय आणलं, अंदाजे वजन किती, सर्वांत लांब वस्तू किती फुटांची. वर्षात चार-पाचच फेऱ्या झाल्या, तर भाड्याची गाडीच परवडते, आणि त्यात कमीपणा काही नाही. सेडानला किंवा एसयूव्हीला हूक बसवून छोटी ट्रॉली ओढणं हाही उत्तम मार्ग आहे, मात्र आपली गाडी किती ओढू शकते ते तिच्या पुस्तिकेत आधी बघा. महिन्याला दोन फेऱ्या पडायला लागल्या की पुढचं वाचा.

दाराच्या चौकटीवरचा कागद

या सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

कुठल्याही पिकअपचं ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक छोटा पांढरा कागद चिकटवलेला असतो, वर पिवळी पट्टी. त्यावर टायरमधल्या हवेचे आकडे असतात आणि एक वाक्य असतं: बसणारी माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हा आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. त्याच मॉडेलच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, कारण कारखान्यातून निघताना तिच्यात काय काय बसवलं गेलं ते त्यात धरलेलं असतं. काचेचं मोठं छत, विजेच्या सीटा, जड चाकं यांचं वजन या आकड्यातूनच जातं. म्हणून सर्वांत महागडी आवृत्ती बरेचदा सर्वांत कमी ओझं उचलते. जाहिरातीतला मोठा आकडा सहसा साध्या, दोन दारांच्या गाडीचा असतो.

"हाफ टन" हा शब्दही फसवा आहे. तो मोठ्या पिकअपचा जुन्या काळापासून चालत आलेला वर्ग आहे, अर्धा टन (१,००० पौंड) ही ओझ्याची मर्यादा नाही. आजच्या हाफ टन गाड्या साधारण १,३०० ते २,००० पौंडांपर्यंत, काही त्याहूनही जास्त ओझं घेतात. तुमची किती घेते, ते फक्त तो कागद सांगतो.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. वादळात आमचं मागचं कुंपण पडलं. बारा नवे खांब लागणार होते. हिशोब केला: दहा इंच व्यासाचा खड्डा, त्यात दोन फूट काँक्रीट. ८० पौंडांच्या एका पोत्यातून ०.६ घनफूट काँक्रीट होतं, म्हणजे खांबाला दीड पोतं. एकूण अठरा पोती. मित्राला सोबत घेतलं, पोती हौद्यात रचली आणि निघालो. दुकानाच्या आवारातून बाहेर पडताना गतिरोधकावर मागून धप्प आवाज आला. रस्त्यावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं, जसं पुढची चाकं जमिनीला नीट टेकलेलीच नाहीत. पहिल्या सिग्नलला गाडी नेहमीच्या जागी थांबली नाही, पुढे सरकली. मी उजवीकडे वळून एका दुकानासमोर गाडी लावली, खाली उतरलो आणि मागचं चाक बघितलं. एरवी टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात आडवा जाईल एवढी फट असते. तिथे दोन बोटंही जाईनात. मग मोबाइलच्या उजेडात तो कागद पहिल्यांदा वाचला: १,४८० पौंड. पोत्यांचं वजन १,४४० आणि आम्हा दोघांचं ३४०. तीनशे पौंड जास्त. चार पोती उतरवली असती तरी भागलं असतं. मी परत जाऊन आठ उतरवली आणि दुसरी फेरी मारली.

तेव्हापासून काही वजनं तोंडपाठ आहेत. अर्ध्या इंची ड्रायवॉलचा, म्हणजे भिंतीच्या जिप्सम बोर्डाचा, ४ बाय ८ फुटांचा पत्रा (तक्ता) साधारण ५० पौंडांचा. पाऊण इंची प्लायवुडचा साठ ते सत्तर. एक घनयार्ड माती २,००० पौंडांच्या आसपास, ओली असेल तर त्याहून जास्त. खडी त्याहूनही जड. म्हणजे लोडरवाल्याने "एक यार्ड टाकू?" असं विचारलं, तर हाफ टन गाडीसाठी उत्तर "अर्धा" असं आहे, हौदा कितीही रिकामा दिसला तरी. लाकडाचा भुसा, म्हणजे मल्च, हलका असतो. तो कोरडा असेल तर एक यार्ड बिनधास्त घ्या.

ट्रॉली ओढणार असाल तर अजून एक वजाबाकी. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर येतो, आणि तो या कागदावरच्या आकड्यातूनच वजा होतो. ५,००० पौंडांची ट्रॉली म्हणजे हौद्यात न दिसणारे ५०० ते ७५० पौंड. हुकावर भार त्याहून कमी पडला, तर ट्रॉली वेगात डुलायला लागते. म्हणून ट्रॉलीतलं जड सामान तिच्या आसापासून थोडं पुढे ठेवतात.

कुठली गाडी

इथे फार रेंगाळायची गरज नाही. बांधकामाच्या दुनियेत सगळं ४ बाय ८ फुटांच्या पत्र्यावर चालतं. तो पत्रा हौद्यात चाकांच्या दोन उंचवट्यांमध्ये सपाट बसतो का, हा पहिला प्रश्न. फोर्ड एफ-१५०, शेव्हरले सिल्व्हराडो, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा या मोठ्या गाड्यांत बसतो. मध्यम आकाराच्या टॅकोमासारख्या गाड्यांत बसत नाही. आडवी लाकडं टाकून पत्रा उंचवट्यांच्या वरून न्यावा लागतो. होंडा रिजलाइन याला अपवाद, तिच्यात बसतो. फोर्ड मॅव्हरिक सर्वांत लहान: साडेचार फुटांचा हौदा, कमाल १,५०० पौंडांचं ओझं, आणि तिचा फाळका अर्ध्यावर अडवून ठेवला की पत्रा उंचवट्यांवर आणि फाळक्यावर सपाट टेकतो. एक घर, एक अंगण आणि रोजचा ऑफिसचा प्रवास असेल, तर माझ्या मते बहुतेकांना मॅव्हरिक किंवा रिजलाइन पुरते.

दुसरा प्रश्न गॅरेजचा. चार दारांची एफ-१५० साडेपाच फुटी हौद्यासह १९ फुटांहून लांब असते आणि इथली बरीच गॅरेजेस जेमतेम २० फूट खोल असतात. फीत घेऊन मोजा, भिंतीवरची मांडणी आणि वॉटर हीटर धरून. सोसायटीच्या नियमांत पिकअप बाहेर लावण्यावर बंधन आहे का, तेही बघा.

आपल्याकडे मिळणारी हायलक्स इथे का मिळत नाही, हे पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात लावली, त्याचं उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. १९६४ पासून तो आहे. कोंबड्यांचं भांडण मिटलं, कर राहिला, आणि लहान परदेशी पिकअप इथे येईनाशा झाल्या.

जुनी गाडी तपासताना

पिकअप जुनीच घ्या. नव्या चकचकीत हौद्यात खडी टाकताना हात आखडतो.

आधी गाडीखाली झोपा, अंगाखाली पुठ्ठा घेऊन. चासी बघा. उत्तरेकडच्या बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चासी आतून खातं. वरवरचा तांबूस रंग चालतो. पापुद्रे सुटत असतील किंवा स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत जात असेल, तर किंमत कितीही कमी असो, निघून या. हा प्रश्न चांगल्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वॉया या गाड्यांच्या चासी गंजण्यावरून झालेल्या दाव्यात टोयोटाने २०१६ मध्ये ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली होती. मागचे पाटे बघा. चपटे किंवा उलटे वाकलेले असतील, तर गाडीने सतत जादा ओझं वाहिलेलं आहे. हुकाच्या चौकोनी नळीत ओरखडे असतील, तर बरंच टोचन झालेलं आहे. ते वाईटच असं नाही, पण मग गिअरबॉक्सची तपासणी जास्त बारकाईने करा: गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवा, महामार्गाच्या चढावर जोर द्या, गिअर बदलताना झटका बसतो का ते बघा.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसत असली तरी टायर फार जुने असतील तर नव्या संचाची किंमत सौद्यातून वजा करा. चारही चाकांची ओढ असेल, तर ती खडीच्या किंवा ओल्या रस्त्यावर लावून बघा, कोरड्या डांबरावर वळत असताना नाही. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, संकेतस्थळावर टाका. राहिलेली रिकॉल कामं, म्हणजे कंपनीने परत बोलावून करायच्या दुरुस्त्या, फुकट कळतात. आणि शेवटी ओळखीतल्या नसलेल्या, स्वतंत्र मेकॅनिककडून पैसे देऊन तपासणी करून घ्या. विकणारा याला तयार नसेल, तर विषय तिथेच संपला.

टेक्ससमध्ये माणसाकडून थेट घेतलीत, तर टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाच्या, मागे त्याची सही, १३०-यू हा अर्ज, आणि काउंटीच्या कर कार्यालयात ३० दिवसांच्या आत नोंदणी. विक्रीकर ६.२५ टक्के. टायटलवर "सॅल्व्हेज" (मोठ्या नुकसानीमुळे निकालात काढलेली) किंवा "रिबिल्ट" (तशी गाडी पुन्हा दुरुस्त केलेली) लिहिलेलं नाही ना, ते पैसे देण्याआधी वाचा. शक्यतो विकणाऱ्याला सोबत घेऊनच त्या कार्यालयात जा.

कर्जाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण माझ्या ओळखीत हे घडलं आहे. तुम्ही एच-वन-बी वर असाल, तर सहा-सात वर्षांचं कर्ज काढून साठ-सत्तर हजारांची गाडी घेऊ नका. नोकरी गेली, तर या व्हिसावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत मुलांची शाळा, घराचं भाडं आणि मुलाखती यांच्यासोबत गाडी विकायची वेळ येते, तेव्हा कर्जाची बाकी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघते. रोख पैशात येईल ती गाडी घ्या, नाहीतर दोन वर्षांत फिटेल एवढंच कर्ज काढा.

सामान लादणं आणि बांधणं

जड सामान केबिनच्या भिंतीला टेकवून, तळाशी आणि मधोमध. हलकं वर. जड वस्तू फाळक्याजवळ ठेवली, तर पुढची चाकं हलकी होतात, आणि त्याचा अनुभव मी वर सांगितलाच आहे.

रॅचेटचा, म्हणजे दांडा हलवून आवळायचा, पट्टा वापरायला आधी घरी शिका, दुकानाच्या आवारात घाईत नाही. पट्ट्याचं मोकळं टोक रॅचेटच्या मधल्या फटीतून खालून वर ओढून घ्या. हाताने होईल तेवढं ताणा. मग दांडा खालीवर करा. रॅचेटच्या मधल्या आसावर दोन-तीन वेढे बसले पाहिजेत. एकच वेढा असेल तर पट्टा निसटतो, फार वेढे झाले तर रॅचेट अडकतं. उरलेलं टोक गाठ मारून आत खोचा, नाहीतर ते वाऱ्याने फडफडत स्वतःला कापत राहतं. पट्ट्यावर दोन आकडे असतात: तुटण्याचा भार आणि कामाचा भार. कामाचा भार तुटण्याच्या एक-तृतीयांश असतो आणि आपला हिशोब त्यावर करायचा. एका वस्तूला किमान दोन पट्टे, हौद्यातल्या लोखंडी कड्यांना अडकवलेले. प्लास्टिकच्या भागाला नाही.

पत्र्यांची एक खास खोड आहे. साडेपाच फुटांच्या हौद्यात आठ फुटी प्लायवुड टाकलं, की फाळका उघडा ठेवावा लागतो. वाऱ्याचा झोत पुढच्या कडेखाली शिरला की अख्खा पत्रा पतंगासारखा उचलला जातो. म्हणून पत्र्यांवर पुढे आणि मागे एकेक आडवी फळी टाका आणि पट्टा फळीवरून घ्या. दाब सगळ्या रुंदीवर पडतो आणि कडाही दबत नाहीत. मागे सरकू नये म्हणून एक पट्टा पत्र्यांच्या मागच्या कडेवरून फिरवून पुढच्या कड्यांकडे ओढा. सामान गाडीच्या मागे चार फूट किंवा त्याहून जास्त बाहेर आलं, तर टेक्ससमध्ये दिवसा किमान १२ इंच लांब-रुंद लाल कापड आणि रात्री लाल दिवे व परावर्तक लागतात. माझ्या कप्प्यात जुन्या लाल टी-शर्टचा तुकडा कायम असतो. माती, पाला, खडी यांच्यावर ताडपत्री.

निघाल्यावर दोन मैलांवर थांबा आणि प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघा. सामान बसतं, सरकतं, आणि पट्टे सैल होतातच. मुलांनी कितीही हट्ट केला तरी त्यांना हौद्यात बसवू नका. टेक्ससमध्ये अठरा वर्षांखालच्यांसाठी ते बेकायदाही आहे, काही मोजके अपवाद सोडले तर.

कुंपण, खांबापासून

गाडी आली, पोती आली. आता तेच काम पुरं करू.

खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करा, दोन-तीन कामाचे दिवस आधी. हा क्रमांक २००७ पासून देशभर चालतो आणि सेवा फुकट आहे. वाहिन्या शोधणारे लोक येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगाने खुणा करतात: लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन-इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. खुणेच्या दोन फुटांच्या आत यंत्र लावू नका, हाताने आणि हळू खणा. आमच्याकडे पिवळी रेघ नेमकी सातव्या खांबाच्या जागेवरून गेली होती. मी तो खांब दीड फूट सरकवला आणि तेवढा खड्डा छोट्या फावड्याने केला.

आधी दोन टोकांचे खांब. त्यांच्यामध्ये दोरी ताणा, त्यावर दर आठ फुटांवर खूण. खड्डा दहा इंच रुंद, तीस इंच खोल. राउंड रॉकच्या पूर्वेला काळी चिकण माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पश्चिमेला हात-दीड हातावर चुनखडक लागतो. खडक लागला तर पहार घ्या आणि दिवसाला तीन खड्ड्यांपेक्षा जास्तीची अपेक्षा ठेवू नका. तळाला सहा इंच खडी टाकून ठोकून बसवा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचणार नाही. आठ फुटी खांब त्यावर उभा करा: दोन फूट आत, सहा फूट वर. पाणसळ दोन शेजारच्या बाजूंना लावून बघा. एकाच बाजूला बघितलं तर खांब दुसरीकडे कललेला राहतो. दोन तिरक्या फळ्यांनी तो अडकवा.

काँक्रीट ढकलगाडीत कालवा. ८० पौंडांच्या पोत्याला साधारण तीन क्वार्ट पाणी, थोडं थोडं घालत. मूठ आवळल्यावर गोळा राहायला हवा, पाणी गळायला नको. हातमोजे आणि मास्क घालाच. सिमेंट ओल्या त्वचेला भाजतं आणि ते लगेच कळत नाही. खड्डा भरताना काठीने खुपसत राहा, हवा निघते. वरचा भाग खांबापासून बाहेरच्या बाजूला उतरता करा. आणि मग पुन्हा पाणसळ, कारण काँक्रीट ओतताना खांब हमखास हलतो. दोन दिवस त्याला हात लावू नका. फळ्या ठोकायचं काम त्यानंतरच्या शनिवारचं.

गाडीची देखभाल

पिकअपचा एक फायदा: बऱ्याच गाड्या इतक्या उंच असतात, की तेल बदलायला जॅक लावावा लागत नाही, पुठ्ठ्यावर सरपटत आत जाता येतं. इंजिन कोमट असताना तेल काढा. जुन्या फिल्टरसोबत त्याची रबरी रिंग निघाली का, ते बोटाने तपासा. ती तिथेच चिकटून राहिली आणि वर नवी बसली, तर तेल धारेने गळतं. नव्या रिंगला तेलाचं बोट फिरवा, फिल्टर हातानेच आवळा. खालचा बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच. जुनं तेल डब्यात भरून सुट्या भागांच्या दुकानात द्या, बहुतेक जण फुकट घेतात.

चाकांच्या जागा आपसात बदलताना मात्र जॅक लागतो, आणि इथे सूट नाही: जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये. सपाट काँक्रीटवर, चाकांना पाचर लावून, चासीखाली घोड्या (जॅक स्टँड) ठेवून, गाडी एकदा हाताने हलवून बघूनच काम सुरू करा. नट चांदणीच्या क्रमाने आवळा आणि ५० मैलांनी पुन्हा तपासा.

गणपतीच्या दिवसांत

ऑगस्ट-सप्टेंबर आला की मंडळात पिकअपवाल्यांची यादी निघते. मखराचं प्लायवुड, घडीची टेबलं, दोन जनरेटर, आणि पथकाचे ढोल. ढोल पान खाली येईल असे आडवे रचू नका, पान दबतं. उभेच, एकमेकांना खेटून, मध्ये जुन्या गोधड्या. पट्टा पिंपाभोवती फिरवायचा, पानावरून कधीच नाही. ढोल टेक्ससच्या उन्हात काळ्या हौद्यात तासभर ठेवू नका. जनरेटरमधलं पेट्रोल आधी काढा आणि तो उभाच बांधा.

मूर्ती हौद्यात ठेवायची नाही. ती मागच्या सीटवर, खाली जाड उशी, पट्टा कमरेतून, आणि शेजारी एक माणूस हात धरून बसलेला. त्या माणसाचं आणि मूर्तीचं वजनही दारावरच्या आकड्यात धरायचं.